संजय गांधी योजनेचा नामंजूर अर्ज आणि आमचे अपील

माझ्या धाकट्या भावाचा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज ऑगस्ट २०२४ मध्ये नामंजूर झाला आणि अपील केल्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर झाला. मधल्या काळात आम्ही ज्या खिडक्यांपुढे उभे राहिलो, त्यांतल्या निम्म्या टाळता आल्या असत्या. पुढच्या माणसाच्या तेवढ्या तरी फेऱ्या वाचाव्यात म्हणून हे सगळे तारखांसह लिहून ठेवते आहे. कार्यालयांची आणि माणसांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. तालुका मराठवाड्यातला आहे, एवढे पुरे.

भाऊ ट्रॅक्टर चालवायचा, दुसऱ्यांच्या शेतांत मळणीही करून द्यायचा. मार्च २०२१ मध्ये हरभऱ्याच्या मळणीत त्याचा उजवा हात यंत्रात गेला आणि कोपराच्या खाली कापावा लागला. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. वडील आधीच गेलेले, एक एकर जिरायत जमीन, आई दुसऱ्यांच्या शेतात रोजंदारीवर जाते आणि मी लग्नानंतर पुण्यात असते. २०२२ मध्ये जिल्हा रुग्णालयातून त्याला ७० टक्के कायमस्वरूपी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले आणि काही महिन्यांनी वैश्विक ओळखपत्रही आले. योजनेसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागते, वय १८ ते ६५ लागते आणि महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे वास्तव्य लागते. या तिन्ही बाबतींत काही प्रश्न नव्हता. तरीही अर्ज करायला २०२४ उजाडले, कारण भावाची तयारी नव्हती. “मी निराधार कसा? आई आहे, तू आहेस,” असे तो म्हणायचा, आणि योजनेच्या नावातला तो शब्द त्याला का टोचतो हे मला कळत होते. शेवटी आईच म्हणाली, की नाव सरकारने ठेवले आहे, आपण नाही.

जानेवारी २०२४ मध्ये कागद जमवायला सुरुवात केली. आधार कार्ड, शिधापत्रिका, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. शेवटचा सोडला तर सगळे घरात होते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तलाठ्यांचा अहवाल लागतो. या पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, पण गावात अजून तलाठी अप्पाच म्हणतात. अप्पांनी आईची मजुरी आणि जमिनीचे उत्पन्न धरून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४२,००० रुपये लिहिले. आकडा खरा होता आणि तो कमी करून मागण्याचा विचारही आम्ही केला नाही. सेतू केंद्रात ३३ रुपये ६० पैसे भरले आणि नवव्या दिवशी दाखला हातात आला.

अर्ज भरण्याच्या वेळी आमच्याकडून चूक झाली, आणि ती आमचीच होती हे आधी सांगते. अर्ज केंद्रावरच्या मुलाने भरला. त्याचे त्याने दोनशे रुपये घेतले. त्या नमुन्यात अर्जदार कोणत्या प्रवर्गातून अर्ज करतो आहे, याचा एक रकाना असतो. विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रस्त, परित्यक्ता असे अनेक प्रवर्ग या एकाच योजनेत येतात. मुलाने तिथे नुसते ‘निराधार’ लिहिले. योजनेचे नावच ते असल्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही. भावाने डाव्या हाताचा अंगठा उमटवला, कारण डाव्या हाताने सही करणे तेव्हा त्याला जमत नव्हते, आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र गठ्ठ्यात अगदी शेवटून दुसरे लागले. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी, सोमवारी, आम्ही तो गठ्ठा तहसील कार्यालयाच्या बारनिशीत, म्हणजे आवक टपालाच्या टेबलावर, दिला. सुदैवाने आमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेण्याचे मला सुचले. पुढे वर्षभर प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न आवक क्रमांकाचाच आला.

महिन्याभरात, १६ मार्चला, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. अर्जांवर निर्णय तालुक्याची समिती घेते, तहसीलदार तिचे सदस्य सचिव असतात, आणि आचारसंहितेच्या काळात बैठक होणार नाही असे आम्हाला सांगण्यात आले. जूनमध्ये आचारसंहिता उठली आणि जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. त्या महिन्यात ज्यांनी तहसील कार्यालय पाहिले असेल त्यांना वर्णनाची गरज नाही. आई एकदा चौकशीला गेली आणि व्हरांड्यातल्या बायकांच्या रांगेत दोन तास उभी राहिली. खिडकीपाशी पोहोचल्यावर कळले की ती रांग लाडकी बहीणच्या दाखल्यांची होती. संजय गांधी शाखा मागच्या बाजूला आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि तिनेही कोणाला विचारले नव्हते.

२९ ऑगस्टला, पोळ्यासाठी गावी आले होते तेव्हा, मी स्वतः शाखेत गेले. भिंतीवरच्या फलकावर दोन याद्या होत्या. मंजूर यादीत भावाचे नाव नव्हते. दुसऱ्या यादीत होते आणि त्याच्यापुढे ‘अपात्र’ एवढाच शब्द होता. घरी पत्र आले नव्हते. टेबलावरच्या कारकुनांना विचारले तर म्हणाले, “ताई, समितीचा निर्णय आहे. पुढच्या वेळी नवीन अर्ज करा.” कारण विचारले तेव्हा त्यांनी रजिस्टर न उघडताच “कागद कमी असतील” असे उत्तर दिले. भाऊ माझ्या शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही, पण बाहेर आल्यावर उजव्या बाहीची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिला. चहाच्या टपरीवर एका गृहस्थाने स्वतःहून येऊन तीन हजार रुपयांत काम करून देतो असे सांगितले. भावाचे नाव, गाव आणि यादीतला क्रमांकही त्याला माहीत होता. आम्ही नाही म्हटले. तत्त्वाचा भाग होताच, शिवाय तीन हजार म्हणजे अनुदानाचे दोन महिने होतात, हाही हिशेब होता.

नवीन अर्ज करायचा की अपील, हा प्रश्न त्या रात्री घरात बराच वेळ चालला. नवीन अर्ज सोपा वाटत होता. पण पहिला अर्ज कशामुळे गेला हेच माहीत नसताना दुसरा अर्ज करणे म्हणजे पुन्हा सहा महिने अंधारात बसणे होते. अपील करायचे म्हटले तरी ते कशाच्या विरुद्ध? ‘अपात्र’ या शब्दाला उत्तर देता येत नाही, कारणाला देता येते. म्हणून मी अपील बाजूला ठेवून आधी कारण लेखी मिळवायचे ठरवले. या सगळ्या प्रकरणात मी एखादी गोष्ट बरोबर केली असेल तर ती हीच, आणि तीही माझ्या कचेरीतल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी फोनवर सांगितली म्हणून.

३० ऑगस्टला दोन वेगळे अर्ज दिले. पहिला साधा, तहसीलदारांच्या नावाने: माझा अर्ज नामंजूर झाल्याचे कारण लेखी कळवावे. त्यात माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(घ) चा उल्लेख केला. बाधित व्यक्तीला प्रशासकीय निर्णयाची कारणे कळवणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे असे ते कलम सांगते आणि त्यासाठी वेगळे शुल्क लागत नाही. दुसरा अर्ज माहिती अधिकाराचा, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. त्यात मागितले ते एवढेच: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जाची कार्यालयातली संपूर्ण नस्ती, म्हणजे फाइल, आणि ज्या बैठकीत हा अर्ज ठेवला गेला तिच्या इतिवृत्तातला संबंधित भाग. महाराष्ट्राच्या नियमांनुसार माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. त्यामुळे त्यात गाऱ्हाणे लिहू नये आणि ‘का’ हा शब्दही शक्यतो वापरू नये. कागद मागावेत, कागदांतच ‘का’ सापडतो.

दोन्ही अर्ज भावाच्या नावाने होते, म्हणून दोन्हींवर त्याची सही हवी होती. मार्चपासून तो रोज रात्री जुन्या वहीत डाव्या हाताने नाव गिरवत होता हे मला त्या दिवशी कळले. अक्षर पहिलीतल्या मुलासारखे होते. पण अंगठा नको, सहीच करतो, असे त्याने सांगितले. या सहीची गोष्ट पुढे येते.

२० सप्टेंबरला टपालाने पत्र आले. ‘कौटुंबिक वार्षिक उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा जास्त असल्याने अपात्र’ अशी एक ओळ होती. २६ सप्टेंबरला माहिती अधिकाराचे उत्तर आले: १४ पाने, प्रत्येकी दोन रुपये, २८ रुपये भरून प्रती घेऊन जाव्यात. भाऊ ३० तारखेला एकटाच जाऊन त्या घेऊन आला आणि त्याने एकेका पानाचा फोटो मला पाठवला. अकराव्या पानावर ६ ऑगस्टच्या बैठकीचा तक्ता होता. भावाच्या नावापुढे प्रवर्ग: निराधार. उत्पन्न: ४२,०००. शेरा: मर्यादा २१,०००, अपात्र. आणि नवव्या पानावर, त्याच नस्तीत, त्याचे ७० टक्क्यांचे प्रमाणपत्र होते.

मग सगळे उलगडले. या योजनेत सर्वसाधारण अर्जदारांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, पण दिव्यांगांसाठी ती ५०,००० रुपये आहे. भावाचा अर्ज चुकीच्या रकान्यामुळे चुकीच्या मापाने मोजला गेला होता. आम्ही रकाना चुकीचा भरला आणि कार्यालयाने जोडलेले प्रमाणपत्र पाहिले नाही. दोष कोणाचा किती, हे मोजण्यात आता अर्थ नाही, पण त्या दिवशी मला राग आला होता तो स्वतःचाच.

जाता जाता २१,००० या आकड्याबद्दल एक. महिन्याला १,७५० रुपये. २०२४-२५ मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे घरातल्या एका माणसाने वर्षभरात ७१ दिवस रोजगार हमीवर काम केले तरी ते घर या मर्यादेच्या बाहेर जाते. आई स्वतः विधवा आहे, पण या हिशेबामुळे तिला विचारातही घेता येत नाही. तलाठ्यांचे अहवाल वीस हजारांच्या आसपासच का रेंगाळतात, याचे उत्तर मला या भागाकारात मिळाले.

अपील कोणाकडे करायचे हे नामंजुरीच्या पत्रात नव्हते. नायब तहसीलदारांना विचारले तेव्हा त्यांनी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे, जायला सांगितले. मुदतीबद्दल तीन माणसांनी तीन उत्तरे दिली. त्यांतली सर्वांत कमी, पत्र मिळाल्यापासून तीस दिवस, हीच खरी असे धरून आम्ही कामाला लागलो. वकील केला नाही. एका परिचित वकिलांना मसुदा तेवढा दाखवला. त्यांनी माझ्या चार पानांतली अडीच पाने खोडली. खोडलेल्या भागात भावाचा अपघात, आईचे कष्ट आणि आम्हाला मिळालेली वागणूक होती. “हे सगळे खरे आहे, पण प्रांतांना यावर काही ठरवायचे नाही,” असे ते म्हणाले. उरले ते असे: अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक, नामंजुरीचे कारण पत्रातल्या शब्दांत जसेच्या तसे, अर्जदार दिव्यांग असल्याचा पुरावा कार्यालयाच्या नस्तीतच पान ९ वर असल्याचे निवेदन, दिव्यांगांसाठीची ५०,००० ची मर्यादा आणि ती ज्या शासन निर्णयात आहे त्याची प्रत, आणि शेवटी विनंती, की अर्ज दिव्यांग प्रवर्गातून विचारात घ्यावा. प्रवर्गाचा रकाना भरताना आमच्याकडून चूक झाली हेही एका वाक्यात लिहिले. ते वाक्य काढावे असे मला वाटत होते. वकिलांनी ठेवायला लावले, आणि सुनावणीत त्याचाच उपयोग झाला.

उत्पन्नाचा जुना दाखला ३१ मार्चलाच बाद झाला होता. या दाखल्याची मुदत आर्थिक वर्षाबरोबर संपते, हे जानेवारीत दाखला काढणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. त्यामुळे अपिलासोबत नवा दाखला काढला; अप्पांनी या वेळी ४५,००० लिहिले, म्हणजे मर्यादेपासून पाच हजार अलीकडे. ९ ऑक्टोबरला अपील प्रांत कार्यालयात दाखल झाले. सहा दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली. मी फोनवर हसले आणि आईला वाटले काहीतरी चांगली बातमी आहे.

नोव्हेंबरअखेरपर्यंत काहीही हलले नाही आणि हलणार नव्हतेच, कारण प्रांत कार्यालय निवडणुकीच्या कामात होते. या काळात मी दर आठवड्याला फोन करत असे. नंतर लक्षात आले की त्याने कारकुनांना त्रास आणि मला रक्तदाब यापलीकडे काही होत नव्हते. लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी असलेल्या लोकशाही दिनात अर्ज द्यावा असे कोणीतरी सुचवले, पण अपिलात असलेली प्रकरणे तिथे घेत नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोटीस आली, सुनावणी १२ तारखेला. मी रजा काढून रात्रीच्या एसटीने गेले, भाऊ आणि आई गावाहून आले आणि सकाळी अकराला कळले की साहेब दौऱ्यावर आहेत, पुढची तारीख २६. त्या दिवशी आईची मजुरी गेली, माझी रजा गेली. तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी कार्यालयात फोन करून साहेब आहेत का हे विचारावे, ही सूचना मी हजार रुपये आणि एक दिवस मोजून विकत घेतलेली आहे.

२६ डिसेंबरची सुनावणी बारा मिनिटे चालली. मला वाटले होते की न्यायालयासारखे काही असेल. प्रत्यक्षात एक लांब टेबल होते, पुढे चार खुर्च्या, आणि आमच्या आधी एका बांधाच्या वादातले सहाजण. संजय गांधी शाखेचे अव्वल कारकून मूळ नस्ती घेऊन आले होते. प्रांतांनी अपील वाचलेले होते हे त्यांच्या पहिल्याच प्रश्नावरून कळले. त्यांनी भावाला विचारले, “मूळ अर्जावर अंगठा आहे आणि अपिलावर सही आहे. असे का?”

मी तोंड उघडणार होते, पण त्यांनी हातानेच मला थांबवले. भावाने सांगितले, की तेव्हा येत नव्हती, आता येते. साहेबांनी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. त्याने कागदाचा कोपरा उजव्या कोपराने दाबून धरला आणि डाव्या हाताने सावकाश सही केली. पूर्ण नाव, वडिलांचे नाव, आडनाव. एवढा वेळ खोलीत कोणी काही बोलले नाही. साहेबांनी ती अपिलावरच्या सहीशी ताडून पाहिली आणि नस्तीला लावायला सांगितली. मग अव्वल कारकुनांना विचारले, “पान नऊ पाहिले होते का?” ते म्हणाले, “साहेब, प्रवर्ग निराधार लिहिला होता.” त्यावर साहेबांनी आमच्या अपिलातले ते चुकीच्या कबुलीचे वाक्य मोठ्याने वाचले आणि म्हणाले, “ते यांनी स्वतःच लिहिले आहे. मी विचारतो ते प्रमाणपत्राबद्दल.” पुढे काही झाले नाही. “आदेश टपालाने येईल,” असे सांगून आम्हाला जायला सांगितले.

आदेशावर तारीख १० जानेवारी २०२५ होती आणि तो आमच्या हातात २१ तारखेला पडला. त्यात अनुदान मंजूर केलेले नव्हते. नामंजुरीचा निर्णय रद्द करून अर्ज दिव्यांग प्रवर्गातून फेरविचारासाठी समितीकडे परत पाठवला होता. म्हणजे अपील जिंकूनही आम्ही पुन्हा त्याच टेबलापुढे उभे. भाऊ त्या दिवशी खचला. एवढे करून पुन्हा तिथेच, असे म्हणाला. मला मात्र आदेश तीनदा वाचल्यावर पटले की आता समितीपुढे प्रवर्गाचा प्रश्न उरलेलाच नाही. आदेश एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात आपोआप पोहोचतो असे धरून बसू नये. आम्ही २३ जानेवारीला त्याची प्रत स्वतः तहसीलच्या बारनिशीत दिली, नवा उत्पन्नाचा दाखला वर लावला, त्याखाली दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आणि अर्जाच्या विषयातच ‘दिव्यांग प्रवर्ग’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले. शाखेतले कारकून, तेच ऑगस्टमधले, या वेळी म्हणाले, “ताई, पहिल्यांदाच असे लावले असते तर?” मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या टेबलावर त्या दिवशी माझ्या खांद्यापर्यंत येईल एवढा गठ्ठा होता आणि माणूस एकच होता.

२७ फेब्रुवारीच्या बैठकीत अर्ज मंजूर झाला. १२ मार्चला मंजुरीचे पत्र मिळाले. अनुदान मंजुरीनंतर सुरू होते, मागचे मिळत नाही असे सांगण्यात आले. त्यामुळे महिन्याला १,५०० प्रमाणे ऑगस्ट ते फेब्रुवारीचे १०,५०० रुपये एका रकान्यात गेले असा हिशेब मी केला आणि भावाला सांगितला नाही. त्याने तो स्वतःच करून ठेवलेला होता.

यानंतर सगळे संपले असे वाटले, पण पैसे येईनात. एप्रिल गेला. शाखेत सांगितले की पैसे पाठवले आहेत. बँकेत सांगितले की आलेले नाहीत. आता ही अनुदाने थेट हस्तांतरणाने येतात आणि ती अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहता येते, ती पाहिली तेव्हा तिथे भलत्याच बँकेचे नाव निघाले. दहा वर्षांपूर्वी गावात शिबिर झाले होते तेव्हा भावाने शून्य शिलकीचे जनधन खाते उघडले होते आणि तो ते विसरूनही गेला होता. पैसे तिथे पडून होते. ते खाते सुरू करायला बँकेने सही मागितली, आणि तिथली सही उजव्या हाताची. पुन्हा डाव्या हाताची कहाणी सांगावी लागली. नव्या सहीचा नमुना, दोन छायाचित्रे आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देऊन आठ दिवसांत काम झाले. मंजुरीची वाट पाहत असतानाच ही स्थिती तपासून घेतली असती तर दीड महिना वाचला असता.

खर्चाचे म्हणाल तर कागद, प्रती, तिकिटे, दाखले आणि टपाल मिळून साडेसहाशेच्या आत झाले. खरा खर्च प्रवासाचा: माझ्या पुण्याहून पाच फेऱ्या. आईला आणि मला एसटीत अर्धे तिकीट, भावाला दिव्यांग म्हणून ७५ टक्के सवलत, म्हणून तो साडेतीन हजारांवर थांबला. आईचे बुडालेले रोज यात धरलेले नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान महिना १,५०० वरून २,५०० करण्याचा निर्णय झाला, ऑक्टोबरपासून. ही वाढ केवळ दिव्यांगांसाठी आहे, योजनेतल्या बाकीच्या प्रवर्गांना नाही. म्हणजे कार्यालयाच्या यादीत आपल्या नावापुढे कोणता प्रवर्ग नोंदलेला आहे याला पुन्हा महत्त्व आले. मी फोन करून भावाला हे सांगायला लागले तर तो म्हणाला, की तो आदल्याच दिवशी तहसीलला जाऊन आला, यादीतली नोंद पाहिली आणि ओळखपत्राची प्रत देऊन पोच घेतली. पोचेचा फोटो त्याने पाठवला. आवक क्रमांकावर त्याच्या अंगठ्याची सावली पडली होती, म्हणून मी तो पुन्हा काढायला लावला.